पन्नाशीनंतर वेगानं धावायचंय? आधी शरीराचा वाफसा ओळखा

आपल्याकडच्या काळ्या जमिनीत पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी लगेच कुणी औत घालत नाही. शेतकरी बांधावर जातो, मूठभर माती हातात दाबतो आणि सोडून देतो. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. भुरभुर सुटला तर वाफसा आला. घाई करून औत घातलं की जमीन दाबली जाते, ढेकळं निघतात आणि तो त्रास हंगामभर पुरतो. फार थांबलं तर माती कडक होते, फाळ शिरत नाही.

मी छप्पन्न वर्षांचा आहे. राहतो भुसावळला, रेल्वेत लोको पायलट आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी धावायला लागलो. पहिली १० किलोमीटरची शर्यत १ तास ८ मिनिटांत पूर्ण केली. गेल्या हिवाळ्यात तेच अंतर ५० मिनिटं ३० सेकंदांत धावलो. मधली वर्षं सरळ चढत गेली नाहीत. बावन्नाव्या वर्षी पोटरी फाटली आणि सात आठवडे घरी बसलो. त्या सात आठवड्यांत मला जे उमगलं तेच या लेखात आहे. पन्नाशीतही शरीर मेहनतीचा दिवस पेलतं, पण त्या दिवसाची ओल जिरायला जास्त वेळ घेतं. पुढचा मेहनतीचा दिवस वाफसा आल्यावरच घ्यायचा. बाकीच्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती उभ्या आहेत.

हे लिहितोय ते थोडंफार धावणाऱ्यांसाठी. पाच-दहा किलोमीटर पूर्ण करता येतात, आता वेळ कमी करायची आहे, आपल्या वयोगटात पुढे यायचं आहे, अशांसाठी. अगदी नव्यानं सुरू करणार असाल तर आधी तीन-चार महिने चालणं आणि हलकं धावणं करा, मग इथून पुढे वाचा.

वयाबरोबर नेमकं काय बदलतं

सगळं उतरतं असं धरून चालू नका. काय किती उतरतं ते नीट समजून घ्या, म्हणजे कशावर काम करायचं ते कळतं. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, ही क्षमता न धावणाऱ्या माणसात तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण १० टक्क्यांनी घटते. नियमित आणि कसून सराव ठेवणाऱ्यांत ही घट बरीच कमी राहते. हृदयाचे कमाल ठोके कमी होतात, त्यावर इलाज नाही. स्नायूंतले जलद आकुंचन पावणारे तंतू आधी झिजतात, म्हणून उडी, झेप आणि शेवटच्या दोनशे मीटरचा जोर आधी जातो. पोटरी आणि टाचेमागची शीर (पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारा कंडरा) म्हातारी होते, ताण सोसून पूर्ववत व्हायला वेळ घेते. उलट दम टिकवण्याची ताकद आणि ठरलेल्या वेगानं किफायतशीर धावणं फार हळू उतरतं.

कॅनडातले एड व्हिटलॉक २००४ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी, पूर्ण मॅरेथॉन (साधारण ४२ किलोमीटर) २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत धावले. घराजवळच्या दफनभूमीत रोज तास न् तास अगदी संथ फेऱ्या मारणं हा त्यांच्या सरावाचा पाया होता. जपानच्या मारिको युगेता यांनी २०१९ साली साठी ओलांडल्यावर तीन तासांच्या आत मॅरेथॉन पूर्ण केली. तसं करणाऱ्या त्या पहिल्या महिला. २०२१ मध्ये, ६२ व्या वर्षी, त्यांनी वेळ २ तास ५२ मिनिटं १३ सेकंदांवर आणली. साठीनंतरही वेळ खाली आणता येते, म्हणून ही उदाहरणं दिली. त्यांचे किलोमीटर मात्र डोळे झाकून उचलू नका. त्यामागे कित्येक वर्षांची बांधणी आहे.

पहिली पायरी: तपासणी

रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, ईसीजी. आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘मला फक्त फिरायला जायचं नाही, जोरात धावायचं आहे.’ मग ते बहुधा ट्रेडमिलवरची तपासणी किंवा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) सुचवतील. घरात कुणाला लहान वयात हृदयविकार झाला असेल, स्वतःला साखर असेल, पूर्वी तंबाखू-विडी असेल, तर ही तपासणी टाळू नका. नोकरीमुळे माझी वैद्यकीय तपासणी ठरावीक काळानं होतेच, तरी धावण्यासाठीची मी वेगळी करून घेतली.

औषधांचंही विचारा. रक्तदाबाच्या काही गोळ्या ठोक्यांची गती रोखतात, त्यामुळे घड्याळावरचा आकडा फसवा होतो. काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात, आणि आपल्या उन्हात ते जड जातं. धावण्याआधी दुखणं दाबायला पेनकिलर घेण्याची सवय असेल तर आजच सोडा. घाम गाळलेल्या शरीरात त्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण देतात, आणि दुखापतीचा इशाराही ऐकू येत नाही. धावताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, डोळ्यांपुढे अंधारी यांतलं काहीही झालं तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दुसरी पायरी: आज आपण कुठे आहोत ते मोजा

जवळचं ४०० मीटरचं मैदान शोधा. खान्देशात बहुतेक तालुक्याच्या गावी पहाटे पोलीस भरतीची पोरं १६०० मीटर मारत असतात. ती ज्या मैदानावर धावतात तिथे फेरी आखलेली असते. सगळ्यात आतल्या आखणीतून साडेबारा फेऱ्या म्हणजे ५००० मीटर.

दोन दिवस विश्रांती घेऊन, पंधरा मिनिटं हलकं धावून अंग मोकळं करा आणि साडेबारा फेऱ्या एकसारख्या जोरानं पूर्ण करा. पहिल्या फेरीत पोरांच्या मागे लागू नका. मी लागलो होतो. ‘आप्पा, दमानं!’ असं एकानं मागून ओरडून सांगितलं आणि ते खरंच होतं, सातव्या फेरीला माझा दम संपला. ती चाचणी वाया गेली, आठवड्यानं पुन्हा द्यावी लागली.

समजा ही वेळ २७ मिनिटं ३० सेकंद आली. म्हणजे किलोमीटरला साडेपाच मिनिटं. एका अंतरावरून दुसऱ्या अंतराचा अंदाज काढायचं रीगल यांचं एक सूत्र धावणाऱ्यांत रूढ आहे. त्यानुसार १० किलोमीटरला साधारण ५७ मिनिटं २० सेकंद आणि हाफ मॅरेथॉनला (साधारण २१ किलोमीटर) २ तास ६ मिनिटं लागावीत. तुमची हाफची खरी वेळ यापेक्षा बरीच जास्त असेल तर दम कमी पडतोय, लाँग रन (लांब पल्ल्याचं सावकाश धावणं) वाढवा. हाफ चांगली आणि पाच किलोमीटर मंद असेल तर वेगावर आणि ताकदीवर काम करा. पुढचे सगळे वेग मी याच उदाहरणावरून सांगतो, तुम्ही आपल्या आकड्यानं बदलून घ्या. चाचणी दर आठ ते दहा आठवड्यांनी पुन्हा द्या.

तिसरी पायरी: वर्ष उन्हावरून आखा

बाहेरून उचललेलं वेळापत्रक खान्देशात चालत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि पहाटे पाचलाही भिंती तापलेल्या असतात. उलट डिसेंबर-जानेवारीत धुळे-जळगावला पारा १० च्या खाली उतरतो. वेगवान धावण्यासाठी तीच खरी हवा.

माझं वर्ष असं असतं. पाऊस लागून हवा उतरली की जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत पाया बांधायचा. त्यात हलके किलोमीटर हळूहळू वाढवायचे, वेग जवळपास नाही. काळ्या मातीच्या वाटा या दिवसांत बंद. बुटाला किलोभर चिखल चिकटतो आणि घोटा मुरगळतो. गावातला डांबरी रस्ता, तलावाकाठची फरसबंदी वाट, शाळेचं मैदान यांवर भागवायचं. जळगावकरांना मेहरूण तलाव आहे, धुळेकरांना नकाणे तलावाकडचा रस्ता. ऑक्टोबरचं ऊन फसवं असतं, तेव्हा किलोमीटर न वाढवता चढ सुरू करायचे. नोव्हेंबर-डिसेंबर वेगाचे. जानेवारी-फेब्रुवारी शर्यतींचे. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे धावणं पूर्ण बंद, फक्त चालणं. एप्रिल-मे म्हणजे आखाजी (अक्षय्य तृतीया), लग्नसराई आणि होळपळ. या दोन महिन्यांत कमावायचं काही नाही, टिकवायचं. आठवड्यातून तीन वेळा पहाटे अर्धा-पाऊण तास धावणं आणि घरात ताकदीचे व्यायाम एवढं पुरे.

शेतीत राबणाऱ्यांनी एक हिशेब जास्तीचा धरावा. दिवसभर पाठीवर पंप घेऊन फवारणी केली किंवा कापूस वेचला, तर तो मेहनतीचा दिवस झाला. घड्याळात त्याची नोंद नसते, पायांत असते. दुसऱ्या दिवशी वेगाचा सराव ठेवू नका.

चौथी पायरी: हळू धावायला शिका

ही पायरी बहुतेकांना पटत नाही. मलाही तीन वर्षं पटली नव्हती. आपण सगळे रोज एकाच मधल्या वेगानं धावतो. दम लागतो, घाम येतो, काम केल्यासारखं वाटतं. पण तो वेग विश्रांतीसाठी जास्त आणि सुधारणेसाठी कमी असतो. रोजची ओल जिरतच नाही.

पाच किलोमीटर २७:३० मध्ये धावणाऱ्यानं आपलं हलकं धावणं किलोमीटरला पावणेसात ते साडेसात मिनिटांत करावं. उन्हाळ्यात त्याहूनही हळू. कसोटी सोपी आहे, सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. ठोक्यांचं घड्याळ असेल तर कमाल ठोक्यांचा अंदाज ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ असा काढा. पंचावन्नाव्या वर्षी तो १७० च्या आसपास येतो. त्याच्या साधारण तीन-चतुर्थांशाखाली राहिलात तर हलकं. पण माणसामाणसांत दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज असतो, म्हणून माझा भरवसा बोलण्यावर जास्त. एकूण धावण्यातलं पाचातलं चार भाग असं हलकं असावं.

आणखी एक. दम काही आठवड्यांत वाढतो, शिरा आणि हाडं मजबूत व्हायला महिने लागतात. छाती म्हणते जा, पोटरी म्हणते थांब. पहिली दोन वर्षं पोटरीचं ऐका.

पाचवी पायरी: आठवडा दहा दिवसांचा करा

माझी वेळ खरी उतरली ती इथून.

सात दिवसांत एक लाँग रन, एक इंटरव्हल, एक टेम्पो, ही मांडणी पंचविशीच्या पोरांची आहे. (इंटरव्हल, टेम्पो, स्ट्राइड म्हणजे काय ते सहाव्या पायरीत सांगतो.) पन्नाशीत दोन मेहनतीच्या दिवसांमध्ये किमान दोन, बरेचदा तीन दिवस हवेत. म्हणून मी चक्र दहा दिवसांचं केलं. पहिल्या दिवशी लाँग रन. दुसऱ्या दिवशी फक्त चालणं. तिसऱ्या दिवशी सहा किलोमीटर हलकं आणि संध्याकाळी ताकदीचे व्यायाम. चौथ्या दिवशी पुन्हा हलकं, शेवटी चार-पाच स्ट्राइड. पाचव्या दिवशी इंटरव्हल किंवा चढ. सहाव्याला पूर्ण सुट्टी. सातव्याला आठ किलोमीटर हलकं. आठव्या दिवशी टेम्पो आणि त्याच संध्याकाळी ताकद. नवव्याला सुट्टी, दहाव्याला पाच-सहा किलोमीटर हलकं. मग पुन्हा लाँग रन.

ज्यांना रविवारशिवाय सवड नाही त्यांनी सात दिवसच ठेवावेत, पण मेहनतीचे दिवस दोनच करावेत, रविवार आणि बुधवार. एका बुधवारी इंटरव्हल, पुढच्या बुधवारी टेम्पो. आमच्या रेल्वेतल्या किंवा कारखान्यातल्या पाळीवाल्यांसाठी नियम वेगळा आहे. रात्रपाळी करून आल्यावरच्या सकाळी मेहनतीचं धावणं नाही. आधी झोप, मग बघू. मी चक्रातले दिवस तारखेला न बांधता ड्यूटीनुसार पुढे सरकवतो. दोन दिवस उशीर झाल्यानं काहीही बिघडत नाही.

आता वाफसा ओळखायचा कसा. मुठीतल्या ढेकळासारख्या माझ्या चार खुणा आहेत. उठल्या उठल्या अंथरुणातच मनगटाची नाडी मोजतो, नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त असतील तर ओल आहे. जिना उतरताना पहिल्या दहा पायऱ्यांत टाचा आखडलेल्या असतील तर ओल आहे. रात्री तीन वाजता जाग येऊन डोळा लागला नसेल तर ओल आहे. आणि पहिला किलोमीटर ओळखीच्या हलक्या वेगात जड जात असेल तर नक्कीच ओल आहे. चारातल्या दोन दिसल्या की त्या दिवशीचा वेग रद्द, हलकं धावून घरी. हे वहीत लिहून ठेवा. महिनाभरात तुमची स्वतःची चाल दिसायला लागेल. कुणाची ओल दोन दिवसांत जिरते, कुणाची चार.

माझी पोटरी फाटली तो दिवस लिहिण्यासारखा आहे. रविवारी १८ किलोमीटर, मंगळवारी टेम्पो, आणि गुरुवारी मैदानावर पोरांबरोबर १६०० मीटर. सकाळी टाचा आखडल्या होत्या, जिन्यावर कठड्याला धरून उतरलो होतो. तरी गेलो. तिसऱ्या फेरीत मागून कुणी दगड मारल्यासारखं झालं.

सहावी पायरी: वेग

पाया बांधून झाल्यावर तीन प्रकारचा वेग क्रमानं आणायचा.

सगळ्यात आधी स्ट्राइड. हलकं धावणं संपल्यावर ८० ते १०० मीटर, जोर न लावता चपळ आणि उंच चालीनं, मध्ये एक-दीड मिनिट चालणं. चार ते सहा वेळा. जलद तंतूंना जागं ठेवण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. हा वर्षभर करा, उन्हाळ्यातही.

मग चढ. आपला भाग तापीचं सपाट खोरं, पण कडेला डोंगर आहेत. धुळ्याकडे लळिंगचा पायथा, यावल तालुक्यात मनुदेवीकडची वाट, रावेर तालुक्यात पालचा रस्ता, नंदुरबारला तोरणमाळचा घाट. तेही नको असेल तर रेल्वेवरचा उड्डाणपूल चालतो. ३० ते ४० सेकंद चढायचं, चालत उतरायचं, सहा ते आठ वेळा. चढावर सपाटीइतका आपटा बसत नाही आणि ताकद येते. महामार्गावर मात्र जाऊ नका. गावातल्या रस्त्यावरही समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या बाजूनं धावा, अंगात चमकणारी पट्टी असू द्या. केळीच्या बागांतल्या वाटेवर अंधारात हातात बॅटरी हवी, रानडुकरं आणि साप दोन्ही असतात.

त्यानंतर इंटरव्हल आणि टेम्पो. इंटरव्हल म्हणजे पाच किलोमीटरच्या वेगात तुकडे. सुरुवात ४०० मीटर सहा वेळा, प्रत्येकी २ मिनिटं १२ सेकंद, मध्ये दीड-दोन मिनिटं हळू धावणं. पुढे १००० मीटर चार वेळा, साडेपाच मिनिटांत. शेवटचा तुकडा पहिल्याइतकाच झाला पाहिजे. तो मंदावला तर पहिले फार जोरात गेले. टेम्पो म्हणजे तासभर टिकवता येईल असा वेग, आपल्या उदाहरणात ५:४५ च्या आसपास. आधी दहा मिनिटांचे दोन तुकडे, मग वीस मिनिटं सलग. हाफ मॅरेथॉन धावणाऱ्याला माझ्या मते टेम्पो जास्त देतो, पोटरीला धोका कमी. दोन्हींतलं एकच जमत असेल तर टेम्पो घ्या.

लाँग रन बारा किलोमीटरपासून सुरू करून हाफसाठी अठरा-वीसपर्यंत न्या. प्रत्येक वेळी एक-दीड किलोमीटर वाढ, आणि दर चौथा लाँग रन मुद्दाम छोटा.

सातवी पायरी: ताकद

पन्नाशीनंतर हे ऐच्छिक राहत नाही. एका चक्रात दोन वेळा, अर्धा तास. जिममध्ये जाणं जमत नसेल तर घरातल्या वस्तू पुरतात. खुर्चीवरून उठबस, हातात वजन घेऊन, आठ-आठच्या तीन खेपा. मी पाच लिटरच्या पाण्याच्या कॅनपासून सुरुवात केली, आता वीस लिटरचा भरलेला जार छातीशी धरून करतो. शेवटची दोन वेळा कष्टानं झाली पाहिजेत, तेवढं वजन हवं. एका पायावर उभं राहून वाकणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, प्लँक (कोपर आणि चवड्यांवर अंग फळीसारखं सरळ धरणं).

सगळ्यात महत्त्वाचं पोटरीचं. जिन्याच्या पायरीच्या काठावर चवड्यांवर उभं राहा. दोन्ही पायांनी वर, मग एका पायावर हळूहळू टाच पायरीखाली सोडा. पंधराच्या तीन खेपा गुडघा सरळ ठेवून, तीन खेपा किंचित वाकवून. टाचेमागची शीर आधीच दुखत असेल तर हाच व्यायाम दिवसातून दोनदा, बारा आठवडे करण्याची पद्धत रूढ आहे. मात्र शीर नेमकी टाचेच्या हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल तर टाच खाली सोडू नका, सपाट जमिनीवरच करा.

आठवी पायरी: ताट

आपलं जेवण चांगलं आहे, फक्त प्रथिनांची वाटणी चुकते. वाढत्या वयात स्नायूंना थोड्याथोडक्या प्रथिनांनी जाग येत नाही. दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.६ ग्रॅम, आणि ती तीन जेवणांत वाटून. माझं वजन ६४ किलो, म्हणजे ९० ग्रॅमच्या आसपास, दर जेवणात तीस.

कळण्याची भाकरी इथे उपयोगी पडते. ज्वारीत अख्खे उडीद दळलेले असल्यानं नुसत्या ज्वारीपेक्षा तिच्यात प्रथिनं जास्त. तिच्याबरोबर वाटीभर घट्ट उडदाची डाळ, दही आणि मूठभर शेंगदाणे घेतले की तिशी गाठते. सकाळी धावून आल्यावर नुसता चहा-पोहे पुरत नाहीत. मोड आलेली मटकी, दूध, दोन अंडी किंवा पनीर यांतलं काहीतरी तासाभरात पोटात जाऊ द्या. शाकाहाऱ्यांनी बी-१२ दरवर्षी तपासावं.

केळी तर दारात आहेत. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, पहाटे निघण्याआधी एक पुरतं. दीड तासापेक्षा जास्त धावायचं तर तासाला ३० ते ६० ग्रॅम हवेत, म्हणजे केळं, खजूर, गूळ-राजगिरा किंवा धावणाऱ्यांसाठीचं पाकिटातलं साखरेचं जेल. शर्यतीत घ्यायचं ते लाँग रनमध्ये आधी खाऊन पाहा. शर्यतीच्या आदल्या रात्री शेवभाजी, भरीत, ठेचा, वरण-बट्टी सगळं बंद. वरण-भात आणि पोळी खाऊन लवकर झोपा.

ऊन आणि पाणी

वय वाढलं की तहान उशिरा लागते आणि घामानं अंग गार करण्याची ताकद कमी होते. म्हणून आपल्याकडच्या उन्हाला पोरांपेक्षा आपण जास्त जपावं. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. मार्चअखेरीस हवा तापली की दोन आठवडे वेग बंद ठेवा. धावण्याआधी आणि नंतर वजन करा, एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. पुढच्या दोन-चार तासांत ते थोडं थोडं भरून काढा, त्यात ओआरएस किंवा मीठ घातलेलं ताक असू द्या. धावताना ढसाढसा नुसतं पाणी पिणंही घातक आहे, रक्तातलं मीठ उतरतं.

सोबत्याचं बोलणं विसंगत झालं, तोल जायला लागला, उन्हात अंगावर काटा आला, तर घाम येत असला तरी तो उष्माघात असू शकतो. तिथेच सावलीत आडवं करा, मिळेल तितकं गार पाणी अंगावर ओता, काखेत आणि मानेवर बर्फ ठेवा, आणि दवाखान्यात न्या. गार करणं आधी, गाडीची वाट बघत बसणं नाही.

ताईंसाठी थोडं वेगळं

पाळी थांबल्यानंतर हाडांची घनता झपाट्यानं उतरते. धावण्यानं पाय आणि कंबरेची हाडं काही प्रमाणात टिकतात, पण जड वजनाचे व्यायाम त्याहून उपयोगी. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि गरज असल्यास हाडांची घनता तपासून घ्या. पाळी सुरू असेल तर लोह बघा, दम लागण्याचं कारण पुष्कळदा तेच निघतं. नडगीत किंवा पावलात एकाच जागी बोट ठेवता येईल असं दुखत असेल तर धावणं थांबवून एक्स-रे किंवा एमआरआयचं डॉक्टरांना विचारा. पहाटे एकट्या जाण्यापेक्षा तिघी-चौघी मिळून मैदान ठरवा. घरचं सगळं आटोपून मगच धावायचं असा हट्ट घरातल्यांनी धरू नये, इतकं मी मनापासून सांगतो.

पोटरी धरली तर

धावताना दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं किंवा चाल लंगडी झाली की थांबायचं. पोटरी फाटल्यावर परत येताना माझ्या डॉक्टरांनी तीन अटी घातल्या होत्या. अर्धा तास भरभर चालताना दुखू नये, त्याच एका पायावर वीस वेळा टाच उचलता यावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आखडू नये. त्यानंतर एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं, दहा वेळा. तिथून तीन आठवड्यांत सलग धावणं. घाईत पोटरी पुन्हा फाटते आणि दुसऱ्या खेपेला जास्त वेळ घेते.

शर्यत

मास्टर्स ॲथलेटिक्समध्ये जागतिक पातळीवर पस्तिशीपासून पाच-पाच वर्षांचे गट असतात. रस्त्यावरच्या शर्यतींत गट आयोजकांप्रमाणे बदलतात, नावनोंदणीआधी वाचा आणि वयाचा पुरावा जवळ ठेवा. नव्या गटात पाऊल ठेवलं ते वर्ष आपलं असतं, कारण त्या गटात आपण सगळ्यात तरुण असतो. चोपन्न संपताना घाई करण्यापेक्षा पंचावन्न लागल्यावरची शर्यत लक्ष्य ठेवा. हंगामात दोन शर्यती मनापासून, बाकीच्या सरावापुरत्या.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते आणि आपल्याकडचे बरेच जण तिथे जातात. इथल्या कोरड्या थंडीत मिळालेला वेग मुंबईच्या दमट हवेत जसाच्या तसा मिळत नाही. वर पेडर रोडचा चढ आहे. किलोमीटरला दहा-पंधरा सेकंद सोडूनच लक्ष्य ठरवा. वेळेची खरी शर्यत डिसेंबर-जानेवारीत आपल्याच भागात धावा.

शर्यतीआधी दोन आठवडे किलोमीटर निम्म्यावर आणा, पण थोडा वेग राहू द्या. चार-पाच दिवस आधी शेवटचे ४०० चे चार तुकडे, बस. त्या काळात अंग जड वाटतं, शंका येतात, एखादा जास्तीचा लाँग रन मारावासा वाटतो. मारू नका.

सुरुवातीला गर्दी पळत सुटते. पहिले तीन किलोमीटर ठरलेल्या वेगापेक्षा पाच-दहा सेकंद हळू जा. पन्नाशीतल्या अंगाला तापायला वेळ लागतो, आणि सुरुवातीला वाचवलेला दम शेवटी दुपटीनं परत मिळतो. हाफमध्ये पंधराव्या किलोमीटरपर्यंत घड्याळ सांगेल तसं, पुढे पाय सांगतील तसं. समोर आपल्या वयाचा दिसेल असा एक माणूस निवडा आणि त्याच्यापर्यंतचं अंतर हळूहळू कमी करा.

शर्यत संपल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला. पुढचे चार दिवस फक्त चालणं, मग आठवडाभर हलकं. हाफनंतर दोन आठवडे घड्याळ लावून धावायचं नाही, कितीही बरं वाटलं तरी. पंधराव्या दिवशी सकाळी जिना उतरा. कठड्याला हात न लावता पहिल्या दहा पायऱ्या सहज उतरलात तर त्या संध्याकाळी चार स्ट्राइड मारा.